‘पडणार नाही’ एवढ्यावर किती दिवस भागवायचं?

९ फेब्रुवारी १९७१. पहाटे सहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडो खोऱ्यात ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. इमारत काँक्रीटची, नवी कोरी आणि त्या काळच्या नियमांत बसणारी होती. वरचे मजले भिंतींनी घट्ट बांधलेले, खालचे मात्र मोकळे, नुसत्या खांबांवर उभे. वरचा ताठ ठोकळा तसाच्या तसा बाजूला सरकला आणि सगळा मार खालच्या खांबांनी खाल्ला. जिन्यांचे मनोरे मूळ इमारतीपासून सुटून आडवे झाले. रुग्णवाहिका जिथे उभ्या होत्या तिथलं छप्पर त्यांच्यावरच बसलं, आणि जखमींना आणायला निघायची ती वाहनं जागच्या जागी चिरडली गेली. इमारत पाडावी लागली.

त्याच जागेवर नवं ऑलिव्ह व्ह्यू उभं राहिलं. या वेळी भिंती काँक्रीटच्या आणि पोलादी पत्र्यांच्या, हिशेब कडक, अपमानाची आठवण ताजी. १७ जानेवारी १९९४ला नॉर्थरिज भूकंपाने या नव्या इमारतीची परीक्षा घेतली. छतावरच्या यंत्रांनी गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त त्वरण नोंदवलं. सांगाड्याला म्हणावी अशी इजा झाली नाही. अभियंत्यांनी अभिमान बाळगावा अशीच ती कामगिरी होती. पण आतले पाण्याचे नळ तुटले, मजल्या-मजल्यावर पाणी साचलं आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं. गरज सगळ्यात जास्त होती त्याच दिवशी रुग्णालय बंद पडलं. इमारत मात्र दिमाखात उभी होती.

एकाच जागेवरच्या या दोन इमारतींची गोष्ट मला सारखी आठवते, कारण भूकंप-अभियांत्रिकीचा पन्नास-साठ वर्षांचा प्रवास तिच्यात आहे. पहिली इमारत माणसांना वाचवण्यातच कमी पडली. दुसरीने माणसं वाचवली, पण ज्या कामासाठी ती बांधली होती ते काम त्या दिवशी तिला जमलं नाही. पहिल्या अपयशाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्याबद्दल जवळपास कोणी बोलत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

‘भूकंपरोधक’ हा शब्द ऐकला की सामान्य माणसाच्या मनात काय येतं? भूकंप येईल, इमारत हलेल, थांबेल, आपण सामान आवरू आणि राहू लागू. बांधकाम संहितांचं वचन मात्र यापेक्षा खूप लहान आहे. कॅलिफोर्नियातल्या संरचना अभियंत्यांच्या संघटनेने १९६०च्या आसपास ते स्वच्छ शब्दांत मांडलं आणि जगातल्या बहुतेक संहितांनी या ना त्या रूपात उचललं. लहान धक्क्यात काहीच बिघडू नये. मध्यम धक्क्यात भिंतींना तडे गेले तरी सांगाडा शाबूत राहावा. मोठ्या धक्क्यात सांगाड्याचीही मोडतोड होईल, पण इमारत माणसांवर कोसळू नये. म्हणजे मोठा भूकंप झाला की नियमात बसणारी इमारत मोडणार हे गृहीत आहे. तिने शहाणपणाने मोडावं, एवढीच अपेक्षा आहे.

हे ‘शहाणपणाने मोडणं’ कसं घडवतात ते जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण विसाव्या शतकातल्या उत्तम अभियांत्रिकी विचारांपैकी तो एक आहे. मोठ्या भूकंपात इमारतीला ओरखडाही येऊ नये असं ठरवलं तर जेवढं आडवं बळ पेलावं लागेल, त्याच्या तिसऱ्या, पाचव्या, काही पद्धतींत तर आठव्या भागासाठीच सांगाडा आखला जातो. उरलेलं बळ जातं कुठे? ते सांगाड्याच्या वाकण्यात जिरवायचं असतं. पोलाद ओढलं की लांबतं, पटकन तुटत नाही. काँक्रीट दाबाला चांगलं, पण ओढलं की तडकतं आणि दाब हाताबाहेर गेला की भुगा होऊन सांडतं. मग सळयांभोवती रिंगा जवळजवळ बांधायच्या, त्यांची टोकं नुसती काटकोनात न वळवता १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात रुतवायची, म्हणजे बाहेरचं काँक्रीट झडलं तरी आतला गाभा आवळलेला राहतो. १९७१च्या ऑलिव्ह व्ह्यूमध्येच हे दिसलं होतं. ज्या खांबांत सर्पिल सळई दाट गुंडाळली होती त्यांचं बाहेरचं कवच गळून पडलं, खांब भयंकर तिरके झाले, पण वरचं ओझं त्यांनी सोडलं नाही. ज्यांच्या रिंगा विरळ होत्या त्या खांबांचा चुरा झाला.

याच्या पुढचं पाऊल न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात, कॅंटरबरी विद्यापीठात, रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी टाकलं. कुठे मोडायचं हे भूकंपावर सोडू नका, ते आधी तुम्ही ठरवा, असं त्यांचं म्हणणं. तुळईचं टोक वाकू द्या, खांब वाकू देऊ नका. एक तुळई गेली तर एका मजल्याचा कोपरा जाईल, एक खांब गेला तर त्याच्यावरचं सगळं जाईल. म्हणून खांब मुद्दाम तुळईपेक्षा बळकट ठेवायचे आणि तुळईची टोकं भरपूर वाकता येतील अशी बांधायची. आज जगभरच्या संहितांमध्ये हा विचार मुरलेला आहे. त्याने किती माणसं वाचली याची मोजदाद करता येणार नाही.

आणि याच विचाराची सगळ्यात कडू परीक्षा तो जिथे घडला त्याच शहरात व्हावी, हे मला आजही अस्वस्थ करतं. २२ फेब्रुवारी २०११च्या दुपारी क्राइस्टचर्चच्या अगदी जवळ, फार खोल नसलेला भूकंप झाला. १८५ माणसं गेली. त्यांतली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत गेली. तिच्या आराखड्यातच गंभीर दोष होते असं चौकशी आयोगाने पुढे नोंदवलं. ती शोकांतिका वेगळी आणि तिची जबाबदारीही वेगळी. मला इथे बोलायचंय ते ज्या इमारती पडल्या नाहीत त्यांच्याबद्दल. आधुनिक नियमांनी बांधलेल्या बहुतेक इमारतींनी सांगितलं होतं तेच केलं: तुळयांची टोकं वाकली, तडकली, खांब उभे राहिले, माणसं जिने उतरून बाहेर आली. पुस्तकातल्या आकृतीसारखं. पण नंतर त्यांचं करायचं काय, हे कोणालाच नीट सांगता येईना. वाकलेल्या सळईत अजून किती दम उरलाय? थोडीशी कललेली इमारत सरळ करता येते का? पुढच्या धक्क्यात ती तशीच वागेल का? दुरुस्तीपेक्षा पाडणं सोपं आणि विम्याच्या हिशेबानेही बरं, असं ठरत गेलं. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या हजाराहून अधिक इमारती पाडल्या गेल्या. लोकांना रोखायला त्या भागाभोवती घातलेलं कुंपण पूर्णपणे उठायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं, सगळं शहराच्या पोटातून एकदम गेलं.

अभियंत्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. संहितेत लिहिलं होतं तेच झालं. फक्त ती संहिता वाचून घर घेणारा किंवा दुकान भाड्याने घेणारा माणूस जगात कुठे असतो? जे वचन दिलं गेलं आणि जे वचन मिळालं असं लोकांना वाटत होतं, त्यांच्यामधलं अंतर भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी उघडं पडलं.

माझं म्हणणं असं, की हे अंतर हा तांत्रिक प्रश्न नाही आणि तो तज्ज्ञांच्या समित्यांवर सोडून चालणार नाही. इमारत किती बळकट असावी याचं उत्तर विज्ञान देत नाही. पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता असलेला धक्का, म्हणजे सरासरीने ४७५ वर्षांतून एकदा येणारा, हा आकडा अनेक देशांच्या नियमांत आहे. तो निसर्गात सापडलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे. ‘मोडली तरी चालेल, पडू नये’ ही ओळही अशीच ठरवलेली. ज्या काळात ती ठरली त्या काळाला दोष देता येत नाही. हाताशी जोरदार हादऱ्यांच्या मोजक्या नोंदी होत्या. कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो इथल्या १९४०च्या भूकंपाची एकच नोंद कित्येक वर्षं सगळ्यांनी वापरली. गणकयंत्रं तोकडी होती, काँक्रीटचा सांगाडा मोडताना नेमका कसा वागतो हे पुरतं ठाऊक नव्हतं. अशा वेळी ‘निदान माणसं तरी मरू देऊ नका’ ही भूमिका प्रामाणिक होती. पण ती त्या काळच्या हतबलतेतून आली होती, आणि हतबलता सरल्यावरही आपण तिला आदर्श मानून बसलो आहोत.

कारण आज खूप काही करता येतं. न्यूझीलंडचे बिल रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात रबर आणि पोलादाच्या थरांची, मधोमध शिशाचा गाभा असलेली उशी तयार केली. ती इमारतीच्या पायाशी बसवली की खालची जमीन झटके देत राहते आणि वरची इमारत सावकाश, एकसंध हेलकावते. शिसं मळल्यासारखं होऊन ऊर्जा खातं. वेलिंग्टनच्या विल्यम क्लेटन इमारतीत, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, हे पहिल्यांदा झालं. १९९४ला ऑलिव्ह व्ह्यूमध्ये नळ फुटत होते त्याच दिवशी लॉस एंजेलिसमधलं अशाच तंत्राने पायाशी विलग केलेलं एक विद्यापीठ-रुग्णालय काम करत राहिलं. २००१च्या भूकंपात भुजचं जिल्हा रुग्णालय कोसळलं आणि त्या जागी जे नवं उभं राहिलं ते शिशाच्या गाभ्याच्याच उशांवर. फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तानात भोवताली शहरं कोसळत असताना अशा उशांवरची रुग्णालयं रुग्ण घेत होती.

दुसरीकडे, इमारत मुद्दाम डोलू द्यायची आणि धक्का ओसरल्यावर ताणलेल्या पोलादी दोरांनी तिला पुन्हा सरळ उभं करायचं, असेही प्रयोग यशस्वी झाले आहेत. भिंत पायाशी किंचित उचलली जाते, परत बसते. मोडतात ते बदलता येणारे पोलादी तुकडे. जपानमध्ये मिकी इथे ई-डिफेन्स नावाचा कंपन-मंच २००५पासून चालू आहे. वीस मीटर बाय पंधरा मीटरचा तो मंच बाराशे टन वजनाची इमारत अंगावर घेऊन १९९५च्या कोबे भूकंपासारखा हलतो. तिथे नुसते सांगाडे तपासत नाहीत, आतली कपाटं, खोट्या छताच्या चौकटी, रुग्णालयातल्या खाटा, पाण्याचे नळ हेही तपासतात. ऑलिव्ह व्ह्यूचा धडा संशोधकांनी घेतलेला आहे. तो नियमांपर्यंत आणि ग्राहकापर्यंत पोचलेला नाही.

कुठलंही तंत्र सरसकट लागू पडत नाही हे मान्य. १९८५ला मेक्सिको सिटीत, भूकंपाच्या केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब, जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर जमीन दोन-दोन सेकंदांच्या संथ लयीत डोलली आणि मध्यम उंचीच्या इमारतींचा घात झाला, कारण त्यांची स्वतःची डोलण्याची लय जवळपास तीच होती. बुटक्या आणि फार उंच त्यामानाने बचावल्या. अशा जमिनीवर रबरी उशी घातली तर इमारतीची लय जमिनीच्या लयीला जाऊन मिळायची भीती असते. जपानच्या २०११च्या तोहोकू भूकंपात सातशेहून अधिक किलोमीटर दूर ओसाकातली साकिशिमा ही उंच इमारत दहा मिनिटं डोलत राहिली, माथा एका बाजूला १३७ सेंटिमीटरपर्यंत गेला. सांगाडा शाबूत, पण लिफ्टमध्ये माणसं अडकली. जमीन, उंची, लय यांचा मेळ प्रत्येक इमारतीसाठी नव्याने घालावा लागतो. म्हणूनच मी कुठल्या एका तंत्राची सक्ती मागत नाही. मी मागतोय ते परिणामाचं वचन.

ते कसं देता येतं याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण साध्या लाकडी घरांचं आहे. जपानमध्ये २०००च्या सुमारास घरांना भूकंप-दर्जा देण्याची ऐच्छिक पद्धत सुरू झाली. दर्जा १ म्हणजे कायद्याची किमान अट. दर्जा २ म्हणजे सव्वापट बळ, दर्जा ३ म्हणजे दीडपट. एप्रिल २०१६मध्ये कुमामोतो भागातल्या माशिकी गावाला अठ्ठावीस तासांच्या आत दोनदा, जपानी मोजणीतल्या सर्वोच्च पातळीचे हादरे बसले. संहितेच्या हिशेबात मोठा धक्का साधारण एकदाच धरलेला असतो. निसर्गाने तो लागोपाठ दोनदा दिला. किमान अट पाळणाऱ्या नव्या घरांपैकीही काही पडली, बऱ्याच घरांची मोडतोड झाली. गावाच्या मध्यभागात पाहणी झालेली दर्जा ३ची सोळा घरं होती. त्यांतलं एकही पडलं नाही. चौदा घरांना काहीही झालं नाही, दोन घरांना किरकोळ इजा. दुसऱ्या धक्क्यानंतर त्या कुटुंबांना आपल्याच घरात राहता येत होतं.

सोळा हा आकडा लहान आहे, त्यावर मोठे सिद्धांत उभारू नयेत. पण या घरांत कुठलीही अद्भुत युक्ती नव्हती. जास्त भिंती, नीट वाटून ठेवलेल्या, सांध्यांना बळकट पट्ट्या, पक्का हिशेब. फरक एवढाच, की घर बांधणाऱ्याला निवड दिसत होती. तुम्हाला किमान हवं की जास्त, असं कुणीतरी त्याला विचारलं होतं, आणि त्याने उत्तर दिलं होतं. दीडपट बळ म्हणजे दीडपट खर्च नव्हे, कारण सांगाडा हा घराच्या एकूण खर्चाचा एक हिस्सा असतो. जमीन, फरशा, नळ, वायरिंग, रंग यांचा खर्च बळाबरोबर वाढत नाही. हे साधं गणित ग्राहकापुढे ठेवलं, तर तो मूर्खासारखं वागेल असं मानायला मी तयार नाही.

इटलीने २०१७मध्ये इमारतींना ‘ए प्लस’पासून ‘जी’पर्यंत आठ भूकंप-वर्ग दिले आणि दुरुस्तीने वर्ग सुधारला तर करात सवलत ठेवली. न्यूझीलंडमध्ये जुन्या इमारतीचं बळ नव्या इमारतीच्या मानकाच्या टक्क्यांत सांगतात आणि ३४ टक्क्यांखालची इमारत धोकादायक ठरते. भाडेकरू तो आकडा विचारून जागा घेतात. चिलीमध्ये सांगाड्याच्या दोषांसाठी इमारत पहिल्यांदा विकणारा दहा वर्षं कायद्याने जबाबदार असतो. २०१०च्या ८.८ तीव्रतेच्या अजस्र भूकंपात तिथल्या आधुनिक इमारतींपैकी फारच थोड्या पूर्ण कोसळल्या, याचं श्रेय भरपूर काँक्रीटच्या भिंती वापरायच्या तिथल्या जुन्या रीतीला आहेच; पण विकणाऱ्याचं नाव दहा वर्षं कागदावर राहतं, तिथे रिंगा वाटेल तशा बांधल्या जात नाहीत, असं मला वाटतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जगातल्या असंख्य इमारती ‘पडणार नाही’ एवढंही वचन पाळण्याच्या अवस्थेत नाहीत. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, वर विटांच्या भिंतींचे ठोकळे, रिंगा विरळ, काँक्रीट पाणीदार. तुर्कस्तानात उत्तम संहिता होती, तरी २०१८मध्ये बेकायदा बांधकामांना दंड भरून नियमित करण्याची मुभा दिली गेली, आणि पाच वर्षांनी एका दिवसात, नऊ तासांच्या अंतराने, ७.८ आणि ७.५चे दोन धक्के बसले. त्या देशात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. जिथे छप्पर डोक्यावर पडतंय तिथे भूकंपानंतर नळाला पाणी येईल का याची चर्चा म्हणजे चैन, असं कुणी म्हटलं तर मला राग येणार नाही.

तरीही मी मागे हटत नाही. जुन्या घातक इमारतींची दुरुस्ती आधी, यात वाद नाही. सार्वजनिक पैसा पहिल्यांदा तिथेच जावा. पण आज जी इमारत उभी राहतेय ती आणखी साठ-सत्तर वर्षं उभी राहणार आहे, आणि तिचा दर्जा नकाशाच्या टेबलावर ठरतो. नंतर तो वाढवायचा तर भिंती फोडाव्या लागतात. शिवाय दर्जा उघडपणे लिहायची सक्ती झाली की जुन्या इमारतींचंही बिंग फुटतं. आज त्यांचा धोका अदृश्य आहे म्हणून तर तो सगळ्यांना परवडतो. विकणाऱ्याला, भाड्याने देणाऱ्याला, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि मतं मागणाऱ्यालाही. रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं, शाळा, पाणीपुरवठ्याच्या इमारती यांच्या बाबतीत तर निवडही ठेवू नये. तिथे ‘धक्क्यानंतर चालू राहील’ हीच किमान अट असावी, आणि ती सांगाड्यापुरती नसावी. नळ, वीज, लिफ्ट, छताच्या चौकटी, सगळं तिच्यात धरलं पाहिजे.

संशोधकांकडेही माझं एक मागणं आहे. मजल्यामधलं सरकणं उंचीच्या एक टक्का, असं तुम्ही लिहिता. तीन मीटरच्या मजल्यात याचा अर्थ वरचा स्लॅब खालच्यापेक्षा तीन सेंटिमीटर सरकला. विटांची भिंत भेगाळली, दरवाजा चौकटीत अडकला, आतला माणूस आत राहिला. हे असंच सांगा. अमेरिकेत दोन सरकारी संस्थांनी २०२१मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात इमारत पुन्हा वापरात यायला लागणारा वेळ हेच आखणीचं उद्दिष्ट ठेवावं असा विचार मांडला. म्हणजे मोजमाप दिवसांत. तेच माप घराच्या खरेदीखतात, क्षेत्रफळाच्या शेजारी यावं. या जागी अपेक्षित असलेल्या मोठ्या धक्क्यानंतर ही इमारत कोसळणार नाही. तिच्यात परत राहायला अंदाजे इतके दिवस लागतील. हा अंदाज अमुक अभियंत्याने केला आहे, आणि खाली त्याची सही.